कॅलिफोर्नियात राजीनामा देताय? आधी ७२ तासांचं गणित करा

अमेरिकेत 'ॲट-विल' (म्हणजे दोन्ही बाजूंना कधीही संपवता येणारी) नोकरी असेल तर नोटीस देणं सहसा बंधनकारक नसतं, म्हणून बरेच जण रागाच्या भरात एका ईमेलवर मोकळे होतात. मग शेवटचा पगार आणि उरलेल्या सुट्ट्यांचे पैसे कधी मिळणार, हे कोडं सुटत नाही. कॅलिफोर्नियात उत्तर सोपं आहे:

१. राजीनामा लेखी द्या, तारीख-वेळ टाका. किमान ७२ तास आधी दिलात तर सगळा हिशेब शेवटच्या दिवशीच हातात पडायला हवा. न सांगता सोडलीत तर ७२ तासांच्या आत.

२. साठलेल्या व्हेकेशनचे पैसे मागा. ती इथे कमाईच मानली जाते, 'वापरली नाही तर गेली' चालत नाही. आजारपणाच्या रजेचे मात्र सहसा मिळत नाहीत.

३. कंपनीने जाणूनबुजून उशीर केला तर दर दिवसामागे एका दिवसाचा पगार दंड, कमाल ३० दिवस. तक्रार लेबर कमिशनरकडे (राज्याच्या कामगार अधिकाऱ्याकडे) करता येते, वकील लागतोच असं नाही.

पे-स्टब (पगाराच्या पावत्या) मात्र राजीनाम्याआधीच उतरवून ठेवा. दोन आठवड्यांची नोटीस दिली तरी कंपनी त्याच दुपारी लॉगिन बंद करू शकते. एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर असाल तर जास्तच जपा: नोकरी संपली की नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला हाताशी जास्तीत जास्त ६० दिवस, आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. नवी ऑफर हातात येईपर्यंत तो ईमेल ड्राफ्टमध्येच बरा.

टेक्साससारख्या राज्यांत नियम वेगळे आहेत, हे तिथे लावू नका.