आइसलँडिक बटाटा कसा चालवायचा

आइसलँडिक शिकताना विभक्ती बघून घाम फुटतो ना, मग सरळ बटाट्यापासून सुरुवात करा. बटाटा म्हणजे कार्ताफ्ला, स्त्रीलिंगी शब्द. लिहिताना फ असला तरी बोलताना तिथे प येतो, कार्ताप्ला, हे आत्ताच तोंडात बसवा, नंतर बदलणं अवघड जातं.

शब्द डॅनिशमधून आला, तिथे जर्मनमधून, आणि त्याचं मूळ इटालियन तार्तुफोलो, म्हणजे ट्रफल. जमिनीखाली वाढणारं गोळ्यासारखं काहीतरी, म्हणून तेच नाव चिकटलं, मग जर्मनांनी पहिल्या त चा क केला. आइसलँडमध्ये बटाटा पहिल्यांदा लागला 1758 ला, बेसास्तादिरला एका स्वीडिश बॅरनकडे, आणि 1760 च्या सुमारास ब्योर्न हाल्दोरसन नावाच्या पाद्र्याने पश्चिमेकडच्या फ्योर्ड्समध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांच्या भागात, लावला. जार्डएप्ली, म्हणजे भुईसफरचंद, असा अस्सल देशी शब्दही आहे पण रोजच्या बोलण्यात कार्ताफ्लाच जिंकली.

आता व्याकरण. एकवचनात फक्त दोनच रूपं आहेत, कर्ता असेल तर कार्ताफ्ला, बाकी सगळीकडे कार्तॉफ्लु. आपण बटाटा चं बटाट्या करून मग ला, ने, चा लावतो ना, तसंच काहीसं, फक्त इथे पुढे काही लावायचं नसतं. आ चा ऑ का झाला? पुढच्या अक्षरात उ आला की त्याच्या लगेच आधीचा आ बदलतो, या भाषेचा हा नियम आहे आणि तो सगळीकडे भेटणार (हा ऑ खरं तर ओठ गोल करून म्हटलेला ए आहे, देवनागरीत नीट बसत नाही). अनेकवचन कार्तॉफ्लुर, कर्म असलं तरी तेच. सोबत, पैकी असं काही म्हणायचं असेल तर कार्तॉफ्लुम. षष्ठीत कार्ताफ्ल्ना, उ गेला म्हणून आ परत आला, इथेच बहुतेक जण गडबडतात.

'तो बटाटा' म्हणायला वेगळा शब्द नाही, शेपूट लावा: कार्ताफ्लान. जोडशब्दात कार्तॉफ्लु पुढे येतं, जसं मॅश म्हणजे कार्तॉफ्लुमूस.

एवढं जमलं की काकडी (आगूर्का) आणि पाप्रिका फुकटात येतात, शेपटं तीच, फक्त त्यांच्यात ऑ होत नाही. गाजराला मात्र हात लावू नका इतक्यात, गुलरोत चं अनेकवचन गुलरायतुर होतं, त्याचा गट वेगळा.