मुंबई ते लंडन: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ घरी कसा काढावा

दूरच्या दोन विमानतळांमधील अंतर काढताना भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवू नये, कारण गोल पृथ्वी कागदावर पसरताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात आणि कागदावर सरळ दिसणारी रेषा प्रत्यक्षात सर्वांत जवळची राहत नाही. त्याऐवजी शाळेत असतो तसा ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्यावा आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरावा. दोरा साधारण १७ सेंटिमीटर भरतो. अशा गोलावरचा १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, त्यामुळे अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास येते.

हा दोरा कोठून जातो, तेही अवश्य पाहावे. या साऱ्या खटाटोपातील सर्वांत बोलका भाग तोच आहे. नकाशावरची पट्टी सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेजवळून जाते, तर दोरा कराचीजवळून निघून इराण, आर्मेनिया आणि क्रिमिया ओलांडतो व युक्रेनवरून पश्चिम युरोपात उतरतो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले आणि पाकिस्ताननेही एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानकंपन्यांना आपले आकाश बंद केले. अशा वेळी विमान वळसा घेते, म्हणून दोऱ्याने मोजलेले अंतर हे कमीत कमी अंतर समजावे आणि वळशाचे काहीशे किलोमीटर त्यात मिळवावेत.

वळशासह ७,६०० किलोमीटर धरून आता वेळ काढू. मोठे प्रवासी विमान उंचावर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. परंतु त्या उंचीवरचे जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात अधिक जोर धरतात. लंडनकडे जाताना वारा समोरून येतो, म्हणून जमिनीवरचा वेग ताशी ८५० धरल्यास सुमारे ९ तास होतात. परतताना ताशी ९५० धरल्यास ८ तास पुरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि उतरणे यांसाठी दोन्ही वेळा अर्धा तास वाढवावा.

हे उत्तर तिकिटाशी ताडून पाहताना घड्याळांतील फरक विसरू नये, कारण तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास असते. जुलैमध्ये दुपारी १ वाजता निघून संध्याकाळी ६ वाजता पोहोचणारे विमान वरवर पाहता पाच तासांचे वाटते. त्यात साडेचार मिळवले की साडेनऊ तास होतात.

दुबईमार्गे गेल्यास दोन टप्प्यांचे अंतर मिळून सुमारे ७,४०० किलोमीटर होते, म्हणजे दोऱ्याच्या अंतराहून जेमतेम २०० किलोमीटर जास्त. तेथे वेळ वाढतो तो प्रामुख्याने दुबईतील थांब्यामुळे, म्हणून तिकिटांची तुलना करताना आधी थांब्याचे तास पाहावेत.