जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांची फुप्फुसांची सोनोग्राफी कशी करावी

प्रोब (सोनोग्राफीत अंगावर फिरवायचे उपकरण) हाती घेण्यापूर्वी बालकाच्या हृदयदोषामुळे फुप्फुसांकडे रक्त जास्त जाते की कमी, हे इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालातून समजून घ्यावे, कारण पुढे दिसणाऱ्या चित्राचा अर्थ त्यावरच ठरतो.

तान्ह्या बाळासाठी उच्च वारंवारितेचा लिनियर (सपाट टोकाचा) प्रोब आणि कोमट केलेले जेल वापरावे. प्रतिमा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद ठेवावेत. आपल्याला हव्या असलेल्या रेषाच ते पुसट करतात. दोन्ही बाजूंना छातीचा पुढचा भाग, बगलेखालचा भाग आणि पाठ तपासावी. बाळाला वळवण्याचा कंटाळा करून पाठ वगळू नये, कारण उताण्या पडलेल्या बाळात मिटलेले फुप्फुस आणि साचलेले पाणी बहुधा तिथेच सापडते.

फुप्फुसावरणाला समांतर अशा आडव्या ए-रेषा आणि श्वासागणिक सरकणारे आवरण दिसले, तर त्या जागी फुप्फुस हवेने भरलेले आहे. आवरणापासून निघून न विरता तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या बी-रेषा दाट असतील, तर फुप्फुसातील द्रव वाढलेला असण्याची शक्यता मोठी असते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असल्यास, किंवा फुप्फुसांतून परतणाऱ्या शिरांना अडथळा असल्यास, अशा रेषा अपेक्षितच असतात. मात्र न्यूमोनियात आणि हार्ट-लंग मशीनवरील शस्त्रक्रियेनंतरही त्या दिसतात. म्हणून केवळ त्यांच्या संख्येवरून लघवी वाढवणारे औषध वाढवणे मला घाईचे वाटते. टेट्रालॉजी ऑफ फॅलोसारख्या, फुप्फुसांकडे कमी रक्त जाणाऱ्या दोषात शस्त्रक्रियेपूर्वी दाट बी-रेषा दिसल्यास आधी दुसरे कारण शोधावे.

उरोस्थीच्या शेजारी दिसणारी थायमस ग्रंथी घट्ट झालेल्या फुप्फुसासारखी भासते. पण ती मऊ असून हृदयाच्या ठोक्यासोबत आकार बदलते आणि तिच्यात हवेने भरलेल्या श्वासनलिका दिसत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर बाळ व्हेंटिलेटरवरून निघत नसेल, तर श्वासपटल (छाती आणि पोट यांमधील स्नायूचा पडदा) अवश्य पाहावे, कारण शस्त्रक्रियेत ते हलवणाऱ्या फ्रेनिक मज्जातंतूला इजा झालेली असू शकते. बरगड्यांखालून एम-मोडमध्ये (एका रेषेवरील हालचाल वेळेनुसार आलेखासारखी दाखवणाऱ्या पद्धतीत) दोन्ही बाजूंची हालचाल ताडून पाहावी. श्वास घेताना निकामी बाजू खाली जाण्याऐवजी वर सरकते. व्हेंटिलेटरचा दाब निकामी पटलालाही खाली ढकलतो, त्यामुळे ही तपासणी बाळ स्वतःहून श्वास घेत असतानाच करावी.