‘गेलो होतो’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

‘मी काल पुण्याला गेलो होतो.’ मराठीत हे वाक्य चोख आहे. त्यातला ‘होतो’ सोबत नेला की ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ तयार होतं, आणि ते चुकतं. शाळेत ‘पूर्ण भूतकाळ म्हणजे हॅड’ असं पाठ करून घेतलेलं असतं, त्याचा हा परिणाम. मराठीतला ‘होतो’ बहुतेक वेळा एवढंच सांगतो की गोष्ट होऊन गेली, माणूस परत आला. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र भूतकाळातलीच दुसरी, नंतरची घटना लागते: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ तशी घटना नसेल तर सरळ ‘आय वेन्ट’. वाक्यात यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो किंवा इन 2019 असेल तर ‘हॅव’सुद्धा नको. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ नाही, ‘आय सॉ हिम यस्टरडे’.

उलटा घोळही होतो. जागेवरून उठता उठता आपण ‘आलोच!’ म्हणतो. रूप भूतकाळाचं, पण यायचं अजून बाकी आहे. तिथे ‘आय केम’ चालत नाही, ‘आय ॲम कमिंग’ म्हणा. ‘भूक लागली’ म्हणजेही ‘आय ॲम हंग्री’.

एक सोय मोठी आहे. गेलो, गेलीस, गेला, गेल्या या सगळ्यांना एकच ‘वेन्ट’ पुरतं. कर्त्याप्रमाणे बदलतात ती फक्त वॉज आणि वेअर.

‘डिड’ आला की भूतकाळ त्यातच आला, पुढचं क्रियापद मूळ रूपात: ‘आय डिडन्ट गो’, ‘डिड यू गो?’ ‘डिडन्ट वेन्ट’ म्हणजे भूतकाळ दोनदा झाला. वॉज-वेअरला डिड लागत नाही: ‘वॉज ही ॲट होम?’ ‘कोण आलं?’ हेही नुसतं ‘हू केम?’

स्पेलिंगचं थोडक्यात: भूतकाळाचा ई-डी लावताना स्टॉपमध्ये पी दुप्पट, स्टडीत वाय जाऊन आय-ई-डी, पण प्लेमध्ये वायच्या आधी स्वर असल्याने वाय तसाच राहतो.

उच्चाराकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तिथे कोणी टोकत नाही. शेवटच्या ई-डीचा वेगळा ‘इड’ फक्त ट किंवा ड या आवाजानंतर होतो: वॉन्टिड, नीडिड. क, प, स, श, च, फ यांच्यानंतर नुसता ट: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. बाकी ठिकाणी ड: ओपन्ड, प्लेड. ‘आस्क-एड’ असे दोन तुकडे करू नका, ‘आस्क्ट’ एका दमात म्हणा.

अनियमित क्रियापदं एबीसीडीच्या क्रमाने घोकण्यापेक्षा आवाजाच्या गटांनी पाठ करा. सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक हा एक गट. बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट हा दुसरा. रोज पाच घ्या आणि प्रत्येकाचं ‘यस्टरडे’ लावून एक वाक्य मोठ्याने म्हणा. कट, पुट, हिट बदलतच नाहीत. तिथे ‘ही’पुढे एस नसणं हीच भूतकाळाची खूण: ‘ही पुट्स’ म्हणजे ठेवतो, ‘ही पुट’ म्हणजे ठेवलं.