अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा : वैद्यकीय पुरावा कसा जमवावा

अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या दाव्यात दोन वेगळे प्रश्न तपासले जातात आणि पुरावा गोळा करताना बहुतेकांची गल्लत इथेच होते. आजार किंवा दुखापत किती टक्के आहे, हा एक प्रश्न; ती सैनिकी सेवेमुळे उद्भवली किंवा सेवेमुळे बळावली का, हा दुसरा. आजची एमआरआय, आजचे रक्ताचे अहवाल, खासगी रुग्णालयातील जाडजूड फाईल हे सारे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दावे मात्र मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या प्रश्नावर फेटाळले जातात आणि त्याचे उत्तर सेवाकाळातल्या जुन्या कागदांतच असते. म्हणून सुरुवात तज्ज्ञ डॉक्टरांच्या दारापासून न करता रेकॉर्ड ऑफिसपासून, म्हणजे आपल्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयापासून, करावी.

सर्वांत आधी रिलीज मेडिकल बोर्डाच्या (निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या) कार्यवाहीची, म्हणजे एएफएमएसएफ-१६ या नमुन्याची, सर्व पानांसह प्रत मिळवावी. वैद्यकीय कारणाने सेवा मुदतीपूर्वी संपली असेल, तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाची (वैद्यकीय कारणाने सेवेतून कमी करणाऱ्या मंडळाची) कार्यवाही लागेल. पुष्कळ माजी सैनिकांच्या हाती फक्त फेटाळल्याचे पत्र असते. बोर्डाने आजार सेवेशी संबंधित का मानला नाही, याचे कारण मात्र त्या कार्यवाहीच्या आतल्या पानांवर नोंदलेले असते. ते कारण शब्दशः वाचावे, कारण पुढची सारी जुळवाजुळव त्याच वाक्याला उत्तर देण्यासाठी करायची आहे. ‘आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर (शांतता क्षेत्रातील ठाण्यावर) झाली’ एवढाच शेरा असेल, तर त्याआधीच्या फील्ड (सीमेवरील किंवा मोहिमेच्या) किंवा अतिउंच भागातील नेमणुका दाखवणारे कागद महत्त्वाचे ठरतात. आजार शरीरप्रकृतीचा, म्हणजे मुळातच अंगात असलेला, असे म्हटले असेल, तर भरतीच्या वेळी प्रकृती निर्दोष होती, हे दाखवावे लागते.

या दुसऱ्या शेऱ्यासाठी भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद मोलाचा आहे. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे मानले, की भरतीच्या वेळी एखाद्या आजाराची नोंद नसेल आणि तो पुढे सेवेत उद्भवला असेल, तर तो सेवेमुळे झाल्याचे गृहीतक सैनिकाच्या बाजूने उभे राहते. तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी शासनावर येते. मात्र हा निकाल म्हणजे कागद न जमवण्याची मुभा नव्हे. बोर्डाने सविस्तर कारण दिलेले असेल, तर नुसत्या गृहीतकावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले आहेत, तेव्हा आपली निवृत्ती त्या तारखेच्या आधीची की नंतरची, हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे.

कागद मागायचे कोठे, हे आपल्या दलावर अवलंबून असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे (लष्करी अभियंत्यांच्या दलाचे) खडकीला आहे. नौदलातील खलाशांच्या नोंदी ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. हे कार्यालय मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये, म्हणजे वाशीकरांना खाडीपलीकडेच आहे. हवाई दलाच्या नोंदींसाठी दिल्लीच्या सुब्रोतो पार्ककडे लिहावे लागते. साध्या अर्जाला उत्तर येत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. ऑनलाइन अर्जही चालतो आणि माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. अर्जात ‘माझी सर्व वैद्यकीय कागदपत्रे’ असे मोघम लिहू नये. सैन्यभरतीच्या वेळची तपासणी, वार्षिक तपासण्या, वैद्यकीय श्रेणी खाली आणणाऱ्या प्रत्येक बोर्डाची कार्यवाही, लष्करी रुग्णालयात दाखल असतानाचे केस शीट (उपचारांची नोंद), इंज्युरी रिपोर्ट (दुखापतीचा अहवाल) आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे (लष्करी चौकशीचे) निष्कर्ष, असे एकेक नाव घेऊन, शक्य तिथे वर्ष आणि रुग्णालय लिहून मागावे. एखादा कागद मुदत संपल्याने नष्ट केला असे कळवले, तर ते उत्तरही जपून ठेवावे. कागद शासनाकडून नष्ट झाला, ही बाब पुढे अपिलात उपयोगी पडते.

वैद्यकीय कागदांइतकीच महत्त्वाची असते नेमणुकांची तारीखवार यादी, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. भूदलात पार्ट टू ऑर्डर, नौदलात जेनफॉर्म आणि हवाई दलात पीओआर या सेवानोंदीच्या कागदांत नेमणुका, रजा आणि रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी असतात. एका कागदावर डावीकडे नेमणुका व कामाचे स्वरूप आणि उजवीकडे त्याच तारखांसमोर आजाराच्या नोंदी मांडल्या, की कोणत्या काळात काय सुरू झाले, हे बोर्डालाही आणि आपल्यालाही एका नजरेत दिसते. माझ्या मते संपूर्ण फाईलमधला हाच कागद सर्वांत जास्त बोलतो.

प्रत्येक आजाराचा पुरावा वेगळा असतो. तोफखान्यात किंवा जहाजाच्या इंजिन रूममध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्याची श्रवणशक्ती गेली असेल, तर ‘कमी ऐकू येते’ या प्रमाणपत्राला फारसे वजन नाही. प्युअर टोन ऑडिओमेट्रीचा (यंत्राने केलेल्या श्रवणचाचणीचा) आलेख हवा, कारण मोठ्या आवाजामुळे होणाऱ्या बहिरेपणात आलेख बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपास खाली जातो, तर वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात उच्च वारंवारतेकडे तो हळूहळू उतरत जातो. सेवाकाळातील जुना आलेख मिळाला आणि आजचा त्याच्याशेजारी ठेवला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना फरक नेमका सांगता येतो. हृदयविकाराच्या बाबतीत पहिल्या झटक्याआधीच्या १४ दिवसांत कोणते काम होते, हे बोर्ड पाहते. त्यामुळे त्या दिवसांतील ड्यूटीचे स्वरूप युनिटच्या नोंदींतून मिळवण्याचा प्रयत्न करावा. गुडघा, खांदा किंवा मणक्याच्या दुखापतीत अपघात ड्यूटीवर झाला का, हाच कळीचा मुद्दा असल्याने इंज्युरी रिपोर्टशिवाय एमआरआय एकटी पडते. रक्तदाब आणि मधुमेहात निदानाची पहिली तारीख आणि त्याआधीच्या वार्षिक तपासण्यांतील आकडे द्यावेत.

आता आजच्या कागदांकडे वळावे. निवृत्तीनंतरचे उपचार ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमधून झाले असतील, तर तिथला प्रत्येक रेफरल आणि औषधांची चिठ्ठी तारखेनुसार लावावी. खासगी रुग्णालयात भरती झाला असाल, तर केवळ डिस्चार्ज कार्डावर थांबू नये. आतल्या केस पेपरची प्रत मागावी. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे ठेवणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. तीन वर्षांची ही अट लक्षात घेता ही मागणी लांबणीवर टाकण्यासारखी नाही. ईसीजीची पट्टी बहुतेक वेळा थर्मल कागदावर असते आणि तिच्यावरच्या रेषा काही वर्षांत फिकट होऊन पुसल्या जातात. मिळाल्याच दिवशी तिची झेरॉक्स काढावी. जुने कागद लॅमिनेट करू नयेत. आपल्या पावसाळी हवेत एक्स-रेच्या फिल्म एकमेकींना चिकटतात, म्हणून त्या सुट्या कागदी पाकिटांत ठेवाव्यात.

यानंतर तज्ज्ञांचे मत घ्यावे आणि तेही रिकाम्या हाताने मागू नये. नेमणुकांची यादी, सेवाकाळातील नोंदी आणि बोर्डाचा शेरा डॉक्टरांसमोर ठेवून, त्या विशिष्ट शेऱ्यावर त्यांचे मत काय, असे विचारावे. ‘रुग्णाला संधिवात आहे, सैनिकी सेवेशी संबंध असू शकतो’ अशा पत्राचा उपयोग शून्य आहे. डॉक्टरांनी कोणते कागद वाचले, कोणत्या तपासण्या केल्या, निदान काय झाले आणि कोणत्या वैद्यकीय कारणाने ते सेवेतील परिस्थितीशी जोडतात, हे चारही मुद्दे पत्रात असावेत. खाली नोंदणी क्रमांक, सही आणि तारीख असावी. संबंध जोडता येत नाही असे डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, तर त्यांच्यावर आग्रह धरू नये. ओढूनताणून लिहून घेतलेले पत्र चौकशीत टिकत नाही आणि उरलेल्या खऱ्या कागदांवरही संशय निर्माण करते. टक्केवारी मात्र खासगी डॉक्टरांकडून लिहून घेण्यात अर्थ नाही, कारण ती ठरवण्याचा अधिकार वैद्यकीय बोर्डाचा आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांकडून मिळणारे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) हे नागरी सवलतींसाठी आहे. ते जोडायला हरकत नाही, पण त्यातील टक्के लष्करी दाव्यात जसेच्या तसे धरले जातील, अशी अपेक्षा ठेवू नये.

टक्क्यांबाबत एवढे माहीत असावे, की सर्वसाधारणपणे किमान २० टक्के अपंगत्व लागते आणि दावा मंजूर झाल्यावर त्याचे पूर्णांकन होते : ५० पेक्षा कमी असल्यास ५०, ५० ते ७५ असल्यास ७५ आणि ७६ ते १०० असल्यास १००. वयोमानानुसार मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या राम अवतार निकालात दिला.

फाईल तयार करताना सेवा कागदपत्रांतील आणि आधारवरील नावाचे स्पेलिंग ताडून पाहावे. फरक असल्यास प्रतिज्ञापत्र आधीच जोडावे, नाहीतर चांगला पुरावा असूनही प्रकरण शंका काढून परत येते. मूळ प्रती हातच्या सोडू नयेत. साक्षांकन, अर्जाचा नमुना आणि पाठपुरावा यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत मिळते, पण नवी मुंबईत राहणाऱ्यांनी आपला जिल्हा आधी पाहावा : ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर येथील रहिवाशांना ठाण्याचे कार्यालय, तर खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेलच्या रहिवाशांना रायगडचे, म्हणजे अलिबागचे. अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे स्पीड पोस्टाने पाठवावा, सोबतच्या कागदांची क्रमांकवार यादी जोडावी आणि पोहोचपावती त्याच फाईलमध्ये लावावी.

दावा फेटाळला गेल्यास पहिल्या अपिलासाठी सहा महिन्यांची मुदत असते आणि अंतिम आदेशानंतर सशस्त्र बल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाण्यासाठीही सहा महिन्यांचीच. उशीर झाला म्हणून दार कायमचे बंद होत नाही, कारण निवृत्तिवेतनाचा हक्क दर महिन्याला नव्याने निर्माण होणारा मानला जातो; परंतु २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर उशिरा केलेल्या दाव्यात थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.