‘फक्त बेचाळीस तास चाललंय’ म्हणणाऱ्याची बोट घेताना

देवबागला आमच्या घरापासून चार घरं सोडून पुण्याच्या एका गृहस्थांचा बंगला आहे. हौसेने त्यांनी १८ फुटी फायबर बोट घेतली, मागे २५ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे फळीवर बाहेरून टांगायचं इंजिन, लावलं, दोन-तीन वर्षं मे महिन्यात कार्लीच्या खाडीत फिरले. मग मुलं परदेशी गेली आणि बोट माडाखाली निळ्या ताडपत्रीत गेली. विकायला काढली तेव्हा मला म्हणाले, “सहा वर्षांत बेचाळीस तास. नवीनच समजा.” मला गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाण्यापुरती स्वतःची बोट हवीच होती. आकडा ऐकून मी विरघळलो.

आमचे इंजिनवाले मेस्त्री तिथल्या तिथे म्हणाले, “तास कमी म्हणान मशीन नवा झाला काय रे?”

मुद्दा इतकाच आहे. आउटबोर्डच्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचा हिशेब साधारण १०० तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असा असतो. वर्षाला सात तास चालणाऱ्या इंजिनाला वर्षच आधी येतं. म्हणजे या बोटीची एकही सर्व्हिसिंग ‘अजून लागलेली’ नव्हती असं नाही, सहा चुकल्या होत्या. पेटीतली पैठणी वापरली नाही म्हणून टिकत नाही, घडीवर फाटते. इंजिनाचंही तसंच. पंपाचं रबर एकाच बाजूला वाकून बसतं, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट थर धरतं, पाण्याच्या वाटांत मीठ साचतं. रोज मासळीला जाणारं इंजिन हजार तास चाललेलं असलं तरी त्याच्याकडे रोज कुणीतरी बघत असतं.

फोनवर किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. शेवटचं कधी चालवलं, आणि चालवल्यावर गोड्या पाण्याने कोण धुवायचं? ‘गडी धुवायचा’ हे उत्तर आलं तर धुतलेलं नाही असं धरून चला. मग सांगा, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गार इंजिन कसं उठतं तेच तर बघायचं असतं. पोचल्यावर गप्पा मारता मारता झाकणाखाली हात घालून बघा. माझ्या वेळी इंजिन कोमट होतं. “तुमच्यासाठी जरा गरम करून ठेवलं,” म्हणाले. मी चहा घेतला, दोन तास थांबलो.

झाकण काढलं की पांढरी मिठाची बुरशी कुठे कुठे धरली आहे ते दिसतं. थर्मोस्टॅटच्या झाकणाभोवती आणि जोडांवर मिठाचे ओघळ असतील तर तिथून पाणी झिरपतंय. मग ऑइलची पट्टी ओढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइल पांढुरकं झालं असेल तर ते का, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. खाली झिंकचे तुकडे बघा. ते झिजलेले असणं चांगलं, त्यांचं कामच झिजायचं आहे. पूर्ण गायब असतील तर त्यांच्या वाटणीचं गंजणं इंजिनाच्या पायाने, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाने, सोसलेलं असतं. झिंकवर रंग मारलेला दिसला तर हसू नका, आमच्याकडे ‘बोट चकाचक करून’ विकणारे हमखास मारतात. रंग मारला की झिंक काम करत नाही.

आता सगळ्यात कामाची तपासणी. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पुढे, इंजिनाच्या पायात गिअर ऑइल असतं. इंजिन निदान रात्रभर सरळ उभं राहिलेलं असावं. पायाच्या खालच्या टोकाजवळ मोठा चपटा स्क्रू आहे, त्याखाली पांढरी वाटी धरा आणि स्क्रू अगदी थोडा सैल करा, काढू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं, म्हणून पाणी शिरलं असेल तर पहिले थेंब पाण्याचेच येतात. आमच्या वाटीत आधी चमचाभर पाणी आलं, मग दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं ऑइल. मेस्त्रींनी पंखा काढला. शाफ्टवर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, गुंडाळलेलं होतं, घट्ट, केसाच्या अंबाड्यासारखं. तंगूस पाणी अडवणारं सील कापतं आणि पाणी आत जातं. शेवटी स्क्रू काढून बघा, त्याच्या टोकाला बारीक राखेसारखा लोखंडी गाळ चालतो. बोटांना टोचणारे कण आले तर गिअर गेलेत, नमस्कार करून निघा. आमच्याकडे राखच होती, म्हणून थांबलो.

सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज मेस्त्रीकडे असतंच. सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडर मोजायचा. आकडा किती यापेक्षा आकडे एकमेकांना किती धरून आहेत ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या आत फरक हवा. त्याआधी दोरी हळू ओढून इंजिन फिरतंय का बघा. अडलं तर जोर लावू नका.

बोटीचं अंग बघताना मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगलंय, ती सोडू नका. आत प्लायवूड असतं, बोल्टच्या भोकांतून पाणी जाऊन ते कुजतं. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणटण आवाज एकदम भद्द झाला तर आत लगदा. इंजिनाच्या पायावर भार देऊन हलवा, फळी वाकताना दिसली तर दुरुस्ती इंजिनाहून डोकेदुखीची.

मग पाण्याच्या पिंपात पाय बुडवून इंजिन चालवायचं. पिंप २०० लिटरचं, पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर यायला हवं. कोरडं इंजिन एक मिनिटही चालवू देऊ नका. मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार यायला हवी. नाही आली तर आधी तारेने भोक टोचा, कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते. आमच्या इंजिनाने छान पाणी मारलं, आणि तिथेच मी फसलो. पिंपात इंजिनावर भार नसतो.

म्हणून पाण्यात चाचणी हवीच, तीही दोघंतिघं बसून, पूर्ण थ्रॉटलवर निदान दहा मिनिटं. माझ्या इंजिनाची मर्यादा ५००० ते ६००० आरपीएम, तिथपर्यंत पोचायलाच हवं. विकणारे मे अखेरीला घाई करतात, ‘पावसाआधी न्या’. जूनमध्ये बोट वर चढली की चाचणी नाही. मग नारळी पौर्णिमेपर्यंत थांबा, बोट कुठे पळत नाही. मी थांबलो नाही. सील आणि सर्व्हिसिंगचे म्हणून ३५ हजार कमी करून घेतले आणि स्वतःला शहाणा समजलो.

कागद थोडक्यात. इंजिनाच्या पट्टीवरचा नंबर बिलाशी जुळवा. मासेमारीची बोट मत्स्यव्यवसाय खात्याकडे नोंदवलेली असते, प्रवासी वाहतुकीची मेरीटाईम बोर्डाकडे. नाव बदलून मिळेपर्यंत थोडे पैसे हातात ठेवा.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी चालवायची नाही. जुनं पेट्रोल टाकीसकट काढा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं आणि ते तळाशी वेगळं होऊन बसतं. कार्ब्युरेटर, फिल्टर, प्लग, दोन्ही ऑइलं, ग्रीसच्या जागा, पेट्रोलची नळी, सगळं साफ करा किंवा बदला. टायमिंग बेल्ट असेल तर तोही तासांवर नाही, वर्षांवर. आणि पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं रबरी चक्र, बदलाच, धार कितीही चांगली असो.

हा शेवटचाच मी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून ठेवला. तिसऱ्या फेरीला खाडीतल्या त्सुनामी आयलंड या वाळूच्या बेटाच्या पलीकडे, नदी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ, इंजिन तापल्याचा अलार्म वाजला. धारेचे थेंब झाले होते. ओहोटी लागलेली, पाणी बाहेर ओढत होतं. डॉल्फिनवाल्यांच्या बोटीने दोर टाकून आणलं, वाटेत माझी यथेच्छ चेष्टा करत.

मेस्त्रींनी पाय उतरवला. इम्पेलरच्या सहा पात्यांपैकी तीन तुटली होती. उरलेली वाकून तशीच बसलेली, बोटाने सरळ केली तरी परत वाकडी. तुटलेली पाती पाण्याच्या वाटेतच अडकतात, म्हणून नवीन बसवण्याआधी तुकडे जुळवून मोजायचे. एक पंपातच होतं, एक थर्मोस्टॅटपाशी. तिसऱ्यासाठी दोन दिवस वाटा धुतल्या, ते काही मिळालं नाही. अजून गरवायला बसलो की एक डोळा गरीकडे असतो आणि एक त्या धारेकडे.