फोनवर ओळख विचारली जाते तेव्हा

बँकेतून बोलत असल्याचे सांगून कोणी जन्मतारीख किंवा कार्डाचा क्रमांक विचारू लागले, तर आधी हे ध्यानात घ्यावे की फोन त्यांनी केलेला असल्यामुळे ओळख पटवण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे. पडद्यावर बँकेचाच क्रमांक दिसला तरी तो पुरावा ठरत नाही, कारण दिसणारा क्रमांक बनावट असू शकतो. तसेच आपले नाव, पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे त्यांनी अचूक सांगितले, तरी ती माहिती कुठून तरी फुटलेली असू शकते. अशा वेळी वाद न घालता फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. खऱ्या कर्मचाऱ्याला याचा राग येण्याचे कारण नाही. आलाच, तर आपल्याला उत्तर मिळाले म्हणायचे.

ओटीपीचा संदेश शेवटपर्यंत वाचावा. तो कशासाठी आला आहे हे बहुधा त्यातच लिहिलेले असते, आणि ‘व्यवहार रद्द करण्यासाठी’ म्हणून मागितलेला आकडा प्रत्यक्षात पैसे पाठवण्यास मंजुरी देणारा निघतो. सांगून झालाच असेल, तर त्याच क्षणी बँकेला कळवून कार्ड बंद करून घ्यावे आणि पासवर्ड बदलावा.